उतरायचं राहिलेलं विमान

भीमसिंग राठोड यवतमाळच्या एस.टी.त बसला होता, मांडीवर पोतं घेऊन, आणि पोत्यात कॉम्प्युटर होता. ज्यानं उभा जन्म एस.टी. हाकली त्याला प्रवासी म्हणून मागच्या बाकावर बसवलं की तो अवघडून जातो. भीमसिंगही दर वळणाला उजवा पाय दाबत होता, जणू ब्रेक त्याच्याच पायाखाली आहे. कंडक्टर ओळखीचा. पोत्यात कोंबडा आहे का, असं त्यानं हसत विचारलं. इंद्रजीतचा कॉम्प्युटर आहे, दुरुस्तीला नेतोय, असं भीमसिंग म्हणाला तसं कंडक्टरचं हसू मावळलं आणि तो पुढं सरकला. पोराला जाऊन वर्ष होत आलं होतं, पण त्या रस्त्यावरच्या सगळ्यांना ते माहीत होतं.

त्या पोत्यातल्या यंत्राची हकीकत आधी सांगायला हवी. कळंबला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा भीमसिंगनं तिथलं एक जुनं धूड उचलून तांड्यावर आणलं होतं. पोरगं अभ्यास करील ही बापाची आशा. पोराला त्यात सापडला विमानांचा एक पुराणा खेळ. अगदी पहिल्या-पहिल्या विमानांचा: लाकडाची चौकट, तिच्यावर ताणलेलं कापड, तारांनी बांधलेले दुहेरी पंख आणि उघड्यावर बसलेला माणूस. खेळातली जमीन म्हणजे हिरवे-तपकिरी चौकोन आणि झाडं म्हणजे नुसते त्रिकोण. तरी इंद्रजीत त्यात असा बुडून जायचा की जेवणाची हाक त्याच्या कानावर पडायची नाही. पुढं तो लोहाऱ्याच्या एका कारखान्यात लागला, मिशी आली, लग्नाच्या गोष्टी निघाल्या, तरी कामावरून आला की हातपाय धुऊन आधी विमानात बसायचा. नव्या खेळातलं विमान आपलं आपणच उडतं, म्हणायचा. हे आपल्याला उडवावं लागतं.

भीमसिंग आधी चिडला, मग एक स्टूल ओढून मागं बसायला लागला. ड्रायव्हरच तो. पोरगं खेळाचा दांडा हलवता हलवता त्या जुन्या वैमानिकांच्या गोष्टी सांगायचं. जगातलं पहिलं विमानाचं टपाल आपल्या अलाहाबादेहून उडालं, यमुना ओलांडून नैनीला उतरलं. ते लोक मांडीवर नकाशा बांधून, खालचे रूळ आणि नद्या बघत जायचे. वायरलेस नाही, ब्रेक नाही.

"ब्रेक नाही म्हन्तो, आन् तरी लोकं बसत त्याच्यात?"

"बसत ना, बा. किती तरी जन वापसच येत नोयते. तरी दुसऱ्या दिवशी दुसरा बसे."

त्या इंजिनांना कमी-जास्त करायची सोयही नव्हती. उतरताना बटण दाबून इंजिन बंद करायचं, सोडून चालू करायचं. भर्र... शांत. भर्र... शांत. तो आवाज घरात इतका मुरला होता की त्याची धाकटी बहीण जया चुलीपुढं बसून त्याच तालावर भाकरी थापायची. आणि वंगणाचं तेल कोणतं, तर एरंडेल. इंजिनातून ते उडायचं, वैमानिकाच्या तोंडावर बसायचं, पोटात जायचं. यावर भीमसिंग इतका हसला होता की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. म्हणजे वर जातानाही लोटा घेऊन जा लागे, म्हणाला.

आणखी एक गोष्ट इंद्रजीतनं सांगितली होती. दिवस मावळला की खालची माणसं मोकळ्या जागेत जाळाच्या दोन ओळी पेटवून ठेवायची. त्या ओळींमधून विमान उतरायचं. पण खाली काही धोका असला तर मधोमध आडवा जाळ करायचा. तो दिसला की वैमानिकानं उतरायचं नाही. थकलेला असो, जखमी असो, निघून जायचं.

"खालच्याचं ऐकाच लागते, बा. वरून काही दिसत नाही."

"आन् तेल सरलं मंग?"

"मंग कायचे जाळ न् कायचं काय. जिथं असन तिथं खाली याच लागते."

लालीबाई, इंद्रजीतची याडी म्हणजे आई, तेव्हा फेट्या-काचळी, तांड्यातला आरसेकामाचा घागरा-चोळी, घालायची. तांड्यावरच्या बहुतेक बायका साडीवर आल्या होत्या, ही आली नव्हती. तिच्या काचळीवरचे आरसे उन्हात लखलखायचे. इंद्रजीत लहानपणी शाळेतून येताना टेकाडावरून ते आरसे बघूनच याडी कोणत्या वावरात आहे ते ओळखायचा. मोठा झाल्यावर तिला चिडवायचा, जाळबीळ राहू दे, तू नुसती वावरात उभी राहा, तुझ्या आरशांवर विमान उतरवतो. ती लटक्या रागानं हात उगारायची आणि मनातून फुलून जायची.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आदल्या आठवड्यात तो असाच उडत होता. खेळातही सांज झाली होती. कारखान्यातून फोन आला, पाळीवरचा माणूस आजारी पडला होता. इंद्रजीतनं विमान हवेतच थांबवलं, जपून ठेवलं आणि उठला. "बा, हात नोको लावजा. आलो का उतरवतो," म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारली. लोहाऱ्याच्या अलीकडे वळणावर एक ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता.

बाराव्याला लालीबाईनं निखाऱ्यांवर तूप-गूळ घातलं आणि पोराचं नाव घेतलं. तांड्यात याला धबुकार म्हणतात. नाव घेतल्यावर निखाऱ्यांवर जाळ उठला की समजायचं, आला, जेवला, आपल्या माणसांत जाऊन बसला. तूप पडलं की जाळ उठतोच, त्यात नवल नाही. त्या दिवशी उठला नाही. नुसता धूर. बायका म्हणाल्या, लाकूड ओलं असेल.  लालीबाईनं फेट्या-काचळी ट्रंकेत घातली, साडी नेसली आणि रात्री नवऱ्याला एवढंच म्हणाली, "पोरगं उतरलंच नाही अजून."

वर्षभर ती हेच म्हणत राहिली. संध्याकाळी अंगणात उभी राहून वर बघायची. आवाज येतो म्हणायची. भीमसिंगला येत नव्हता, आणि ऐकू येत नाही याचंही त्याला वाईट वाटायचं. शेवटी दिवाळीच्या अमावास्येला, म्हणजे तांड्याच्या भाषेत काळी मावसेला, पुन्हा धबुकार घालायची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, आधी त्याचं विमान उतरवा. मग मी नाव घेतो. म्हणून हा प्रवास.

यवतमाळच्या दुकानात नयन नावाचा पोरसवदा दुरुस्तीवाला होता. त्यानं पेटीतली धूळ आणि कापसाचा पुंजका काढला, आतला छोटा सेल बदलला आणि यंत्र सुरू केलं. खेळ उघडला तसा भीमसिंग पडद्याकडं वाकला. समोर लाकडी फळी, गोल काटे, तारा, कापडी पंख. क्षितिजावर तांबडी रेघ आणि खाली काळोख. सगळं जसंच्या तसं थांबलेलं. ड्रायव्हरच्या सवयीनं त्याची नजर आधी तेलाच्या काट्याकडं गेली. पाव टाकी होतं.

नयननं चालू करायला बटणाकडं बोट नेलं. भीमसिंगनं त्याचं मनगट धरलं.

"नोको. तो ठेवून गेला तसंच राहू दे."

काळी मावसेच्या दिवशी दुपारपासूनच घर गप्प होतं. त्या संध्याकाळी तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी हातात दिवे घेऊन रांगेनं घरोघर जातात, घराचं भलं मागतात. त्याला मेरा म्हणतात. तांड्याचा नायक फुलसिंग सकाळी येऊन विचारून गेला होता, पोरींनी तुमच्याकडं यायचं का? घरात अजून दुखवटा आहे, यंदा नको, असं भीमसिंगनं सांगितलं. जयाला मात्र त्यानंच जायला लावलं. नवी ओढणी घेऊन, डोळे पुसत, ती मैत्रिणींबरोबर गेली.

मग त्यानं घरामागच्या वावरात जाळाची तयारी केली. सोयाबीन निघून वावर मोकळं झालं होतं. कुडाशी रचलेली गेल्या सालची पऱ्हाटी, कापसाची वाळकी झाडं, त्यानं ओढून नेली आणि दोन ओळींत तिचे ढीग घातले. खेळातल्या काळोखात उतरायला दिवा नाही, म्हणून पोरगं उतरत नाही, असं लालीबाईचं म्हणणं. खेळातल्या काळोखाला वावरातल्या जाळाचा काय उपयोग, हे त्याला कळत नव्हतं, पण वर्षभर काहीच करता न आलेल्या माणसाला हे करता येत होतं. तो मन लावून ढीग सरळ रेषेत लावत राहिला.

दिवस बुडाला. अमावास्येचा अंधार माळावरून उतरून वावरात आला. भीमसिंगनं ढीग पेटवले, घरात येऊन स्टुलावर बसला आणि इंद्रजीतच्या खुर्चीत बसायचा धीर न झाल्यानं तिथूनच हात लांबवून जयानं उघडून ठेवलेल्या खेळातलं विमान चालू केलं.

भर्र. वर्षानं तो आवाज घरात भरला. चुलीपुढं निखारे काढत बसलेल्या लालीबाईनं पदर तोंडात धरला. पडद्यावर पंख हलले, काटे थरथरले, खाली नुसता काळोख सरकत राहिला. भीमसिंगला दांडा धरायचा तर होता, पण कुठं वळवायचं? इतकी वर्षं मागं बसून बघितलं ते सगळं विसरायला झालं. एवढ्यात लाईट गेली. पडदा मिटला.

आवाज गेला नाही.

दोघं अंधारात तसेच बसून राहिले. भर्र... भर्र... एकसारखा, घट्ट, आणि तो टेबलावरून येत नव्हता. तो वरून येत होता. कौलांवरून बारीक माती झडली.

"आला," लालीबाई म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती. वाट बघून बघून दमलेल्या आईचा आवाज होता तो. "मी नाव घेतो. तुमी जाळ बघा..."

भीमसिंग मागच्या दारानं वावरात आला. वर काही दिसत नव्हतं, चांदण्याही झाकल्यासारख्या झाल्या होत्या. पण आवाज तांड्याला वळसा घालत होता, आणि वाऱ्याला एक वास होता. तेलकट, जुना, लहानपणी आईनं नाक दाबून पाजलेल्या औषधाचा. एरंडेल. त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याच वेळी छाती भरून आली. पोरगं येतंय. कोणत्या का रूपानं होईना, येतंय. त्यानं दोन्ही हात वर केले.

तेव्हाच त्याला गाणं ऐकू आलं. वावराच्या पलीकडच्या टोकाला, त्याच्या जाळाच्या दोन ओळींच्या तोंडाशी, दिव्यांची रांग होती. पोरी होत्या. त्यांनी लांबून जाळ बघितले आणि त्यांना वाटलं, भीमसिंगकाकानं आपल्यासाठी वाट उजळली, दुखवटा मोडून घरी बोलावलं. दुसरं काय वाटणार? काळी मावसेला दारी दिवा लावणं म्हणजे बोलावणंच. दोन ओळींच्या मधून, बरोबर मधून, त्या गात गात येत होत्या. सगळ्यांत पुढं जया होती.

वर इंजिन बंद झालं. शांत. मग भर्र... आणि पुन्हा शांत.

तो उतरत होता.

भीमसिंग ओरडला. पोरी गाण्यात होत्या, त्यांना वाटलं काका बोलावतो आहे, जयानं तर दिवा उंच करून दाखवला. आवाज त्यांच्या पाठीमागून खाली येत होता. भर्र... शांत. वावरातला पालापाचोळा उचलला जायला लागला, पलीकडची तूर एका रेषेत वाकत आली. भीमसिंगला एकच आठवलं. वरून काही दिसत नाही. खालच्यानं सांगावं लागतं.

वर्षभर ज्याला खाली आण म्हणून त्यानं देवाला विनवलं होतं, त्याला आता नको म्हणायचं होतं. आणि वेळ नव्हता. त्यानं जळता ढीग उघड्या हातांनी कवळला, दोन ओळींच्या मधे आणून टाकला, मग दुसरा, मग तिसरा. हाताची कातडी जळाल्याचं त्याला नंतर कळलं. आडवा जाळ उभा राहिला तसा तो त्याच्यापुढं उभा राहून वर तोंड करून ओरडला.

"इंद्रा... नोको, बापू... जाय... वर जाय..."

क्षणभर सगळं शांत होतं. त्या शांततेत त्याला वाटलं, पोरगं वरून आपल्याकडं बघतंय, आणि त्याला कळत नाहीये की बा नको का म्हणतोय. मग इंजिन पुऱ्या ताकदीनं वाजलं. एक वारा डोक्यावरून गेला, पोरींच्या हातातले सगळे दिवे एकदम विझले, आणि आवाज चढत चढत माळापलीकडं गेला.

पोरी भेदरल्या होत्या. कोणी म्हणालं वावटळ होती, कोणी म्हणालं कुणाच्या तरी मळणीयंत्राचा आवाज होता. जया येऊन बापाला बिलगली. तिच्या नव्या ओढणीवर तेलाचे शिंतोडे उडाले होते.

"बा, कायचं तेल हाये हे?"

 दारात लालीबाई उभी होती. तिच्या मागं निखाऱ्यांवर नुसता धूर होता.

"दारापर्यंत आलेल्या पोराले हाकललं तुमी," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पोरी मधे होत्या, जया मधे होती, हे त्यानं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली, त्याच्या हाताला तूप आणि हळद लावून फडकं बांधलं. तिला सगळं पटत होतं. पण ज्या हातांनी पोराला वाट दाखवायची त्याच हातांनी परत धाडलं, ते हात बांधताना तिनं एकदाही वर बघितलं नाही, आणि त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलेनाशी झाली.

भाऊबीजेला जयानं ताट सजवलं आणि कॉम्प्युटर लावून त्याच्यापुढं बसली. खेळ उघडला. विमान होतं. हवेत, थांबलेलं, क्षितिजावर तीच तांबडी रेघ. ते कोणी थांबवलं, लाईट गेल्यावर कोणी जपून ठेवलं, हे विचारायचं बापलेकीला दोघांनाही सुचलं नाही. जयानं पडद्याला ओवाळलं. ओवाळता ओवाळता तिच्या लक्षात आलं, की तेलाचा काटा खाली आला आहे. दुसऱ्या दिवशी आणखी खाली होता. भीमसिंगनं नयनला फोन लावला. जपून ठेवलेलं असं बदलत नसते काका, तुम्हाले भास झाला असन, असं नयन म्हणाला.

जयाला त्यानं ढाणकीला मामाकडं पाठवून दिलं. चार दिवस राहून ये म्हणाला. खेळ उघडायला कोणतं बटण कधी दाबायचं ते मात्र तिच्याकडून शिकून घेतलं.

तेल सरलं की जाळ असो-नसो, जिथं असेल तिथं खाली यावंच लागतं. हे वाक्य त्याच्या डोक्यात घोळत राहिलं. तांड्यात घरं होती, लेकरं होती. तो रोज दुपारी बैलगाडीत पऱ्हाटी घालून लांबच्या माळावर न्यायला लागला. तिथं वावर नाही, वस्ती नाही, नुसता मुरूम आणि गवत. दिवस बुडताना तो जाळाच्या दोन ओळी पेटवायचा आणि त्यांच्या टोकाशी उभा राहायचा. उतरायचंच असेल तर इथं उतर, माझ्यावर उतर, एवढंच त्याच्या मनात असायचं. डोक्याला पटका गुंडाळून, फडकं बांधलेला हात कपाळावर धरून तो वर बघत राहायचा. भर्र... कधी लांब, कधी जवळ. जाळ विझले की घरी यायचा. लालीबाई ताट वाढून ठेवायची आणि भिंतीकडं तोंड करून पडायची. तो कुठं जातो हे तिला तांड्यातल्या सगळ्यांसारखंच माहीत होतं.

मग पडद्यावरचा काळोख बदलला. एके दिवशी खाली, अगदी खाली, तांबड्या ठिपक्यांच्या दोन ओळी दिसल्या. त्या खेळात असले जाळ कधीच नव्हते, भीमसिंगनं वर्षानुवर्षं मागं बसून बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी ठिपके मोठे झाले. त्यानंतर ओळींच्या टोकाशी काहीतरी दिसायला लागलं. खेळातल्या झाडांसारखंच ओबडधोबड, पण झाड नव्हतं. पटका बांधलेला माणूस होता. त्याचा एक हात कपाळावर होता आणि त्या हाताला पांढरं काहीतरी गुंडाळलेलं होतं.

त्याला भीती वाटली असं म्हणता येणार नाही. उलट बरंच वाटलं. पोराला आपण दिसतो आहोत.

शेवटच्या दिवशी तो जरा लवकरच पडद्यापुढं बसला. काटा तळाला टेकला होता. जाळ आता मोठे दिसत होते. टोकाशी पटकेवाला माणूस होता, आणि आज त्याच्या शेजारी आणखी एक आकृती होती. ठेंगणी, घेरदार. तिच्या छातीवर बारीक-बारीक पांढरे ठिपके चमकत होते.

भीमसिंग बघत राहिला. कोण आहे ते कळायला त्याला वेळ लागला नाही. पण तिनं तर वर्षभर ते कपडे अंगाला लावले नव्हते, आणि त्याच्याबरोबर माळावर येणं सोडाच, ती त्याच्याशी बोलतही नव्हती.

मागं ट्रंकेची कडी वाजली.

तो वळला. लालीबाई फेट्या-काचळी घालून उभी होती. वर्षभर घडी राहून कापडाला रेघा पडल्या होत्या, अंगही उतरलं होतं, काचळी खांद्यावर सैल झाली होती. तिनं आरसे ओढणीच्या पदरानं पुसले, एकेक करून.

"चला," ती म्हणाली. "त्याचं तेल सरलं असन."

"तू कायले? मी जातो ना..."

"मीच सांगतलं होतं उतरवा म्हनून. आन् तुमी एकटे त्याले दिसाचे नाही. आरसे दिसतीन."

 उठताना सवयीनं कॉम्प्युटर बंद करायला त्यानं स्विचकडं हात नेला, आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं की दुपारपासून तांड्यात लाईटच नाही. पंखा बंद होता. भिंतीवरचा बल्ब बंद होता. पडद्यावर जाळ तेवढे पेटलेले होते. त्यानं हात मागं घेतला.

माळावर पोचले तेव्हा क्षितिजावर तांबडी रेघ होती. त्यानं ओळी पेटवल्या. तिनं प्रत्येक ढिगावर घरून आणलेलं तूप थोडं-थोडं घातलं आणि दर वेळी पोराचं नाव घेतलं. जाळ उंच उठले. ती टोकाशी येऊन नवऱ्याच्या शेजारी उभी राहिली. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, पण चारचौघांत काय, एकटं असतानाही भीमसिंगनं कधी बायकोचा हात असा धरला नव्हता. आज धरला. फडक्यातून दुखलं, तरी सोडला नाही.

"बोलावू?" तिनं विचारलं.

"बोलाव."

तिनं खांदे हलवले. जाळाच्या उजेडात आरसे लखलखले. वरून, माळाच्या मागून, आवाज वळला आणि खाली यायला लागला. भर्र... शांत. भर्र... शांत. वाऱ्याला एरंडेलाचा वास आला, गवत एका रेषेत वाकत आलं. भर्र... शांत.

दोघं वर तोंड करून पुढच्या आवाजाची वाट बघत राहिले. आवाज आला नाही. वाकतं गवत मात्र त्यांच्या पायांशी येऊन पोचलं.